खुराकाचा हिशेब: वजन उचलणाऱ्या पोरापोरींचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. आमच्या कुरुंदवाडच्या तीन पोरांनी, गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची तीन ब्राँझ पदकं आणली. तेव्हापासून इकडं पोरगं हायस्कूलला गेलं की एकदा तरी वजनाचा बार धरून बघतंच. मी राज्य पातळीपर्यंत खेळलो, आता नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ पोरांना शिकवतो. बारवर किती टाकायचं हे विचारणारे थोडे असतात. खायचं काय आणि त्याला पैसे कुठनं आणायचे, हे विचारणारे रोज भेटतात. तेच प्रश्न इथं घेतलेत.

खुराकाला महिन्याला किती पैसे लागतात?

आधी घरात जे खातोस त्याची मोजदाद कर. हे कुणीच करत नाही आणि थेट बाहेरच्या प्रोटीन पावडरच्या डब्याची किंमत विचारतो.

समज तुझं वजन ६५ किलो आहे. वजन उचलणाऱ्याला दर किलो वजनामागं रोज साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे तुला १०५ ते १३० ग्रॅम. आता दिवसभराचं ताट बघ. ज्वारीच्या चार भाकऱ्या, दोन वाट्या आमटी, एक वाटी मटकीची उसळ, भात, चहातलं दूध. यातच ४५ ते ५५ ग्रॅम निघतात. राहिले पन्नास-साठ. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे १८, मोठी मूठभर शेंगदाणे म्हणजे १०. झालं की.

आमच्याकडच्या भावानं हे रोजचं ७० रुपयांच्या आसपास जातं, महिन्याचे २,१००. अंड्यांऐवजी ५० ग्रॅम सुटे सोयाबीन वडे घेतलेस तर प्रोटीन तेवढंच मिळतं आणि खर्च दीड हजारापर्यंत खाली येतो. दूध घरचं असेल तर आणखी कमी.

आणि भात-भाकरी तोडू नकोस. अंडी वाढवली आणि भात सोडला असं करणारी पोरं मी दरवर्षी बघतो. तिसऱ्या आठवड्यात स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक मारताना, गुडघे लटपटायला लागतात, मग म्हणतात सर, ताकदच लागत नाही. बार वर जायला जी ऊर्जा लागते ती भाकरीतनंच येते.

आमचं घर दुधाच्या बिलावर चालतं. दूध डेअरीला घालायचं की पोराला द्यायचं?

हा प्रश्न मला बहुतेक आयाच विचारतात, आणि विचारताना आवाज खाली आणून विचारतात, जणू काही चुकतंय त्यांचं. काही चुकत नाही. दहा दिवसांनी येणाऱ्या बिलातनं पेंड येते, किराणा येतो, धाकट्याच्या वह्या येतात. त्यातलं अर्धा लिटर काढून ठेवणं म्हणजे काय हे त्यांनाच माहीत.

आकडा मांडून बघू. फॅट बरी लागली तर म्हशीच्या दुधाला लिटरला ५०-५५ रुपये मिळतात. रोज अर्धा लिटर घरात ठेवलं तर महिन्याला साडेसातशे-आठशे रुपये बिलात कमी येतील. तेच दूध बाजारातनं विकत घ्यायला गेलात तर हजाराच्या वर जातात. म्हणून घरात जनावर असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: अर्धा लिटर पोराला ठेवा, बाकीचं घाला. दोन लिटरचा हट्ट कुणी धरत असेल तर ऐकू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तेवढं लागत नाही.

पण ते अर्धा लिटर किती रुपयांचं आहे हे त्याला कळू द्या. माझी आई धार काढून आली की कॅनमध्ये ओतायच्या आधी स्टीलच्या मापानं अर्धा लिटर वेगळं काढायची आणि फडताळात पितळी पातेल्यात झाकून ठेवायची. मापाच्या कडेला चिकटलेला फेससुद्धा बोटानं पातेल्यात ओढायची. डेअरीची चिठ्ठी मात्र ती मलाच वाचायला लावायची: लिटर, फॅट, रक्कम. कधी व्यायाम बुडवून झोपून राहिलो तर ती काही बोलली नाही, त्या दिवशीचं दूध मात्र मला जायचं नाही. खुराक कुणाच्या वाट्यातनं येतोय हे पोराला बघू दिलं की वेळेवर उठ म्हणून सांगावं लागत नाही, हा माझा अनुभव.

पैलवान बदाम, तूप, थंडाई खातात. आम्हाला ते परवडत नाही, मग कसं व्हायचं?

कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्याला हा प्रश्न पडणारच. गंगावेशचा दूधकट्टा, समोर पिळलेलं धारोष्ण दूध, बदाम-खसखस-मिरी वाटून केलेली थंडाई, हे बघतच आपण मोठे झालो. ती परंपरा मला मनापासून प्रिय आहे. पण तालमीतला पैलवान पहाटेपासून जोर, बैठका, लढती असं तासन् तास अंग मोडतो. त्याच्या शरीराला एवढं तूप जिरवायला काम असतं. तू दीड-दोन तास बारवर काढतोस आणि तुला वजनगट सांभाळायचा असतो.

बदामाचंच बघ. १०० ग्रॅम बदामात २१ ग्रॅम प्रोटीन, तेवढ्याच शेंगदाण्यात २५. भावात पाच-सहा पटींचा फरक. मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा व्यायामानंतर खा, त्यात कमीपणा काही नाही. हुलग्याचं माडगं, फुटाणे, नाचणीची आंबील हेही इथलंच आणि स्वस्त. नाचणीतनं कॅल्शियम मिळतं, वाढत्या हाडांना ते लागतंच.

घरात माळ आहे. अंडंसुद्धा चालत नाही.

मग घरात भांडण काढू नकोस. आजोबांच्या गळ्यातल्या माळेला तुझ्या टोटलसाठी, म्हणजे स्पर्धेतल्या दोन्ही प्रकारांत उचललेल्या वजनाच्या बेरजेसाठी, धक्का लावायची गरज नाही. दूध, दही, सोयाबीन, हुलगा, मटकी, शेंगदाणे यांवर राज्य स्पर्धेपर्यंत सहज जाता येतं. डाळ आणि भाकरी एकाच जेवणात असू दे, धान्यात जे कमी ते डाळीत असतं. पूर्ण शाकाहारी असशील तर वर्षातनं एकदा बी-१२ तपासून घे.

उपवासाला मात्र साबुदाणा खाऊन व्यायामाला येऊ नकोस. त्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, दूध, दही हे उपवासाला चालतंच की. आणि एकादशीच्या दिवशी हलका सराव ठेवायला मी कधी नाही म्हणत नाही.

प्रोटीन पावडर घेऊ का?

घरच्या ताटातनं भागत असेल तर नको. २४ ग्रॅम प्रोटीन पावडरीतनं घ्यायला एका चमच्याला ७५-८० रुपये पडतात, चार अंड्यांतनं २८, सोयाबीनमधनं सात-आठ. पावडरीत जादू नाही, ते दुधाचंच प्रोटीन. कॉलेज, काम आणि व्यायाम यांत जेवायला वेळच मिळत नसेल तर सोय म्हणून ठीक आहे, इतकंच.

एकोणिसाव्या वर्षी मी मित्राकडनं तीन हजार उसने घेऊन एका दुकानातनं डबा आणला होता. झाकणाचं सील नीट चिकटलेलं नव्हतं, पावडर पाण्यात टाकली की पिठासारखी तळाला बसायची. तरी महिनाभर पीत राहिलो, कारण पैसे दिले होते. पोट बिघडलं, वजन घटलं आणि मित्राचे पैसे फेडायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत अंडी बंद होती. म्हणून सांगतो: उसनवारीवर खुराक कधीच नको. घ्यायचीच तर बिल घे, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर बघ, रिकामा डबा स्पर्धा होईपर्यंत जपून ठेव.

जिममध्ये एक जण इंजेक्शन देतो म्हणतोय. दोन महिन्यांत वजन चढेल म्हणतो.

त्या जिममध्ये परत जाऊ नकोस. आजच घरी सांग.

त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असलं आणि चाचणीत सापडलं तर पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी लागू शकते. अठराव्या वर्षी चार वर्षं म्हणजे सगळी ज्युनिअर कारकीर्द गेली. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर नाडा, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक औषधांची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था, सहसा ऐकून घेत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. आपल्याकडं व्यायामाआधी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेण्याचा जो प्रकार चाललाय तो तर जिवावरचा आहे. रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाला डॉक्टर देतात ते औषध, आणि पोरं ते स्क्वॉटच्या आधी टोचून घेतात. हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळीतही बंदी असलेला घटक असू शकतो, म्हणून दवाखान्यात गेलास की ‘मी खेळाडू आहे’ हे आधी सांग. नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव टाकून बघता येतं.

मी इचलकरंजीत मागावर कामाला जातो, बारा तासांची पाळी. व्यायाम जमेल का?

जमेल, पण कॉलेजच्या पोराचा तक्ता तुला चालणार नाही. बारा तास उभं राहणं हाही व्यायामाचाच भाग धर. आठवड्याला सहाऐवजी तीन किंवा चार दिवस ये, तासाभराचं काम कर: एक दिवस स्नॅच (जमिनीवरनं एका दमात बार डोक्यावर) आणि स्क्वॉट, एक दिवस क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) आणि पुल (बार नुसता वर ओढायचा). रात्रपाळी सुटल्यावर सकाळी थेट बारखाली जाऊ नकोस. आधी झोप, मग संध्याकाळी ये. झोपेविना उचललेल्या वजनानं कंबर धरलेली दोन पोरं माझ्याकडं आहेत, दोघांचा पगारही बुडाला.

डब्यात भाकरी-उसळीबरोबर दोन उकडलेली अंडी आणि पुडीत शेंगदाणे ठेव. चहाच्या सुट्टीत वडापाव सोडून तेच खा. टपरीवरचे रोजचे तीस-चाळीस रुपये वाचले की त्यातच अर्धा खुराक निघतो. हे मी हवेत बोलत नाही, एका मुलाच्या वहीतले आकडे आहेत.

शिकत असशील तर कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या भागात त्या योजनेचं नाव सांगायला कुणाला लाज वाटू नये.

बूट, बेल्ट, प्रवास, प्रवेश फी. हे एकदम कुठनं आणायचं?

एकदम आणायचंच नाही. शेतकऱ्याच्या घरात दोन प्रकारचा पैसा असतो, रोजचा दुधाचा आणि वर्षाचा उसाचा. खुराक रोजच्या पैशातनं आणि बूट-प्रवास उसाच्या बिलातनं, अशी वाटणी घरच्यांशी बसून आधीच करा. बिल आलं की सोसायटीचं कर्ज कापून काय उरतं ते सगळ्यांना माहीत असतं. त्यातनं पोराचे पाच हजार पहिल्याच दिवशी बाजूला पडले तर पडले, नाहीतर वर्षभर नाही.

बूट पहिल्या वर्षी लागतच नाहीत. सपाट तळाचा, न दबणारा साधा कॅनव्हास बूट चालतो. पुढं टाच हवी झाली की आमच्याकडची काही पोरं चांभाराकडनं लाकडी टाच बसवून घेतात. मी त्याच बुटावर तीन वर्षं खेळलो. जॉगिंगचा मऊ बूट मात्र नको, जर्कला पाय डळमळतो. सीनिअर पोराचे जुने बूट निम्म्या किमतीत मिळतात, आधी तिथं विचार. बेल्ट सगळ्यांत मिळून एक पुरतो.

प्रवासासाठी स्पर्धेच्या तारखा कळल्या की लगेच रेल्वेचं तिकीट काढा. टोकियो ऑलिंपिकला वेटलिफ्टिंगचं रौप्य जिंकणारी मीराबाई चानू गावाकडनं सरावाला इंफाळला जाताना वाळूच्या ट्रकवाल्यांकडं लिफ्ट मागायची. पदक घेऊन परतल्यावर तिनं त्या ड्रायव्हरांना घरी बोलावून जेवू घातलं. आपल्याकडंही गावातनं साखर कारखान्याकडं, एमआयडीसीकडं जाणाऱ्या गाड्या असतात. ओळखीच्या माणसाला विचारायला संकोच करू नका.

पैसे भरण्याआधी एक तपासा: ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का? पॉवरलिफ्टिंगमध्ये तर एकाच नावाशी मिळत्याजुळत्या संघटना बऱ्याच आहेत. फी भरून पदक मिळतं, फोटो निघतो, आणि नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र कुणी धरत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारायला फक्त एसटीचं तिकीट लागतं.

स्पर्धेआधी तीन-चार किलो उतरवून खालच्या गटात खेळू का?

नको. वाढत्या वयात तर नकोच.

माझ्या वेळी ६२ किलोचा गट होता आणि माझं वजन होतं ६५ च्या वर. चार दिवस भाकरी बंद, शेवटच्या दिवशी पाणी बंद, अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या. काट्यावर ६१.९ भरलं तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. वजन करणं सुरू होतं स्पर्धेच्या दोन तास आधी, तेवढ्यात गेलेलं पाणी काय भरून येणार? स्नॅचला जे ८५ किलो सरावात रोज जायचं ते तिन्ही वेळा डोक्यावर जाऊन मागं पडलं. टोटलच लागली नाही. वडील बाकावर बसलेले, त्यांनी त्या दिवसाची मजुरी सोडलेली होती. परत येताना एसटीत त्यांनी मला फक्त केळी दिली.

जून २०२५ मध्ये पुरुषांचे गट बदलून ६०, ६५, ७१, ७९, ८८, ९४, ११० आणि त्यावर असे झाले. हे गट बदलतही राहतात. नवख्यानं नेहमीच्या जेवणावर ज्या गटात वजन बसतं त्यातच खेळावं. अर्धा-पाऊण किलोसाठी आदल्या रात्री जेवण हलकं करणं वेगळं.

मुलीला हे सगळं द्यायचं का? तिचं अंग पुरुषी होईल का?

नाही होणार. आणि हो, सगळं द्यायचं, मुलाइतकंच.

मी घरोघरी जातो तेव्हा बघतो, भावाच्या पेल्यात दूध असतं आणि बहिणीच्या कपात चहा. दोघं एकाच प्लॅटफॉर्मवर सराव करतात. हे मला सहन होत नाही आणि मी तसं तिथंच बोलतो. सांगलीच्या काजोल सरगरनं २०२२ साली पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण जिंकलं. घरची पानटपरी. तिला वजन उचलू दिलं म्हणून ते आलं.

मुलींना लोह जास्त लागतं. पालेभाज्या, अळिवाचे लाडू, मटकी-हुलगा, आणि वर लिंबू पिळून, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवताना चहा नको. सरावानंतर पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ‘व्यायामानं होतं असं’ म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा ती कमी जेवते आहे, पण खात्री डॉक्टरांकडनंच करून घ्या.

किती वर्षं हे करायचं? नोकरीचं काय?

दहावी-बारावी सोडून खेळायचं नाही, एवढं पहिलं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यालाही पदाप्रमाणे शिक्षण लागतंच आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांत खेळाडूंची भरती होते. मुलगा लहान असेल, साधारण ८ ते १४ वर्षांचा, तर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची निवड चाचणी जरूर द्या. राहणं, जेवण, शाळा सगळं तिथंच होतं. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, खेलो इंडियात निवड झालेल्यांना हातखर्चाला भत्ताही मिळतो.

माझा हिशेब असा: तीन वर्षं नियमानं घाम गाळूनही राज्याच्या पहिल्या आठात नाव नसेल तर खेळ ठेवा, पण घराचा पैसा त्यात घालणं थांबवा. पुढं स्वतःच्या कमाईवर खेळा. हे सांगताना मला वाईट वाटतं, तरी मी सांगतो, कारण बहिणीच्या कॉलेजची फी थांबवून खेळणारी पोरं मी बघितली आहेत.

गावातनं वर्गणी काढून स्पर्धेला जाणं बरं दिसतं का?

खाशाबा जाधवांपेक्षा आपण मोठे नाही. गोळेश्वरच्या या पैलवानानं १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथं जायला लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून ते पैसे फेडले.

वर्गणी मागताना तोंडी मागू नका. एका कागदावर स्पर्धेचं नाव, तारीख, प्रवास, राहणं, जेवण, फी असे आकडे लिहा आणि खाली प्रशिक्षकाची सही घ्या. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम त्याच्यासमोर वहीत टिपा.

वर्गणी घेऊन गेलो, पदक आलं नाही. आता लोकांपुढं कसं जाऊ?

वही घेऊन जा. गेल्या वर्षी माझा एक मुलगा राज्य स्पर्धेहून सातवा येऊन परतला. दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला तरुण मंडळाच्या कट्ट्यावर घेऊन गेलो. त्यानं वही उघडली: एका बाजूला तिकीट, लॉज, जेवण, दुसऱ्या बाजूला सहाही अटेम्प्टचे (तीन स्नॅचचे, तीन जर्कचे) आकडे. चार गेले होते, दोन पडले होते. उरलेले ३४० रुपये त्यानं वहीवर ठेवले. मंडळाच्या अध्यक्षांनी ते मोजून जमाखात्यात लिहिले, पावती फाडून दिली आणि पडलेला जर्क किती किलोचा होता ते विचारलं.